प्रवासवर्णनांतील खोटा थरार

प्रवासवर्णनांवर मराठी सुशिक्षित कुटुंबांचा लोभ जुना आहे. एकाने आणलेले पुस्तक घरातील चौघे वाचतात, आणि ज्या गावी आपल्यापैकी कोणी जाण्याचा फारसा संभव नाही त्या गावच्या हवापाण्याविषयी जेवताना वाद घालतात. ज्या वाङ्मयप्रकारावर वाचकांचे इतके प्रेम, त्याच्या लेखकांवर जबाबदारीही तितकीच मोठी असली पाहिजे. परंतु अलीकडे आमच्या हाती जी प्रवासवर्णने पडतात त्यांपैकी बरीचशी वाचून खाली ठेवताना आमच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो. या लेखकमहाशयांच्या काळजाचा ठोका दर दोन पानांना चुकला, मग आमचा एकदाही का चुकला नाही?

या प्रश्नाचे सरळ उत्तर देण्याऐवजी एक सोयीचा सिद्धान्त सर्वत्र सांगितला जातो. प्रवासवर्णनात थरार व उत्कंठा निर्माण व्हावयाची असेल तर भाषा 'वर्णनात्मक' पाहिजे, असा तो सिद्धान्त. इथवर आमची तक्रार नाही. पण वर्णनात्मक भाषा म्हणजे काय, असे विचारताच विशेषणांची पोतडी उघडली जाते. शाळेतील निबंधाच्या तासापासून नवलेखकांना मिळणाऱ्या उपदेशापर्यंत हीच शिकवण चालू आहे: दरी असेल तर 'भयाण' म्हणा, कडा असेल तर 'छाती दडपून टाकणारा' म्हणा, रात्र 'काळीकुट्ट' करा, शांततेला 'जीवघेणी' करा, आणि शेवटी एक उद्गारचिन्ह ठोका म्हणजे वाचकाच्या अंगावर शहारे आलेच! आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. उत्कंठा वर्णनानेच निर्माण होते हे खरे; पण ते वर्णन वस्तूचे असावे लागते. वरील भाषेत वर्णन असते ते लेखकाच्या छातीचे.

उदाहरणासाठी आम्ही कोणा लेखकास वेठीस धरीत नाही. या धाटणीचे एक वाक्य आम्हीच रचून देतो. 'समोर अक्राळविक्राळ, भयाण दरी आ वासून उभी होती! त्या चित्तथरारक दृश्याने अंगावर सर्रकन काटा आला आणि काळजाचा ठोकाच चुकला!' आता वाचकांनी या वाक्याची झडती घ्यावी. दरी किती खोल आहे? लेखक तिच्यापासून किती अंतरावर उभा आहे? वाट ओली आहे की कोरडी? बरोबर कोण आहे, तो काय करीत आहे? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर या वाक्यात नाही. हे वाक्य सह्याद्रीतील कोणत्याही घाटास लागू पडते, आल्प्सला लागू पडते, आणि तालुक्याच्या गावातील पाण्याच्या टाकीवर चढलेल्या भित्र्या माणसालाही तंतोतंत लागू पडते. जे वर्णन सर्वांना बसते ते कोणाचेच नसते.

तीच जागा दुसऱ्या रीतीने सांगून पाहू. 'वाट दीड हात रुंद होती. डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला काही नाही. रात्री पाऊस पडून गेला होता. आमच्या पुढे चालणारा गावचा गडी थांबला, त्याने पायांतल्या वहाणा काढल्या आणि काही न बोलता त्या कमरेला खोचल्या.' या चार वाक्यांत भय हा शब्द नाही, आणि भय सांगणारे एकही विशेषण नाही. तरीही शेवटच्या वाक्यापाशी वाचक थबकतो, कारण तो स्वतः विचार करू लागतो. जो रोज या वाटेने जातो त्याला वहाणा काढाव्याशा वाटल्या, मग आमचे काय? हे अनुमान वाचकाने स्वतः केलेले असते, म्हणून ते त्याला बाधते. लेखकाने 'मी भ्यालो' असे सांगितले तर वाचकाला एक बातमी कळते. लेखकाने वहाणा दाखविल्या तर भय वाचकाच्या स्वतःच्या मनात उत्पन्न होते.

यावर कोणी म्हणतील की ही पाश्चात्त्य लेखनशाळेतून आणलेली नवी टूम आहे. आमची परंपरा अलंकारांची आहे. अशा विद्वानांस आमची विनंती आहे की त्यांनी आपल्याच परंपरेतील साहित्यशास्त्र एकदा उघडून पाहावे. रस हा त्याच्या स्वतःच्या नावाने सांगून निर्माण होत नाही, हे आनंदवर्धनाने नवव्या शतकात बजावून ठेवले आहे. मम्मटाने काव्यप्रकाशात रसदोष सांगितले, त्यांत रसाचा किंवा त्याच्या स्थायीभावाचा प्रत्यक्ष नावाने उच्चार करणे हा दोष म्हणून नोंदविला. 'चित्तथरारक' हे विशेषण वापरणारा लेखक तोच दोष करतो. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात रथापुढे पळणारे हरिण आठवावे. त्याची वळलेली मान, आखडून घेतलेला मागचा भाग, दमून उघडलेल्या तोंडातून वाटेवर गळणारे अर्धवट चघळलेले दर्भ, जमिनीला क्वचितच टेकणारे पाय हे सारे कालिदास दाखवितो. भय हा शब्द त्या श्लोकात एकदा येतो हे आम्ही नाकारीत नाही. पण तो शब्द काढला तरी गळणारे दर्भ भय सांगतच राहतात, आणि दर्भ काढून नुसता तो शब्द ठेवला तर मागे काहीच उरत नाही. मम्मटाने भयानक रसाचे उदाहरण म्हणून नेमका हाच श्लोक निवडावा यात नवल नाही. तेव्हा परंपरेचा आधार घेऊन विशेषणांचे समर्थन करावयाचे असेल, तर ती परंपरा कोणती हे प्रथम सांगावे लागेल.

आणि मराठीपुरते बोलावयाचे तर दूर जाण्याचे कारणच नाही. आमच्या भाषेतील सर्वांत उत्कंठापूर्ण प्रवासवर्णन एका वरसईच्या भिक्षुकाने लिहिले आहे. विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फेडण्याकरिता. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल, एवढीच त्यांची आशा. वाटेत बंड पेटले आणि हा गृहस्थ १८५८ च्या वसंतात झाशीच्या वेढ्यात सापडला. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये, गोडसे भटजींच्या पश्चात, संस्कार करून प्रसिद्ध केले; मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. लेखकाला वाङ्मय निर्माण करावयाचे नव्हते. त्याला घडलेली हकीकत सांगावयाची होती. म्हणूनच ती आजही वाचकास झोपू देत नाही.

झाशी पडल्यानंतरच्या लुटीचे त्यांचे वर्णन पाहावे. आजचा लेखक तेथे 'हाहाकार', 'थैमान', 'तांडव' हे तीन शब्द एकामागून एक फेकून मोकळा झाला असता. भटजी लुटीचा क्रम सांगतात. आधी सोनेनाणे गेले, मग तांब्यापितळेची भांडी, मग वस्त्रे, मग धान्य. पुरोहिताच्या हिशेबी नजरेने केलेली ही यादी जसजशी उतरत जाते तसतसे घर वाचकाच्या डोळ्यांदेखत रिकामे होत जाते. दागिने गेले तेव्हा श्रीमंत लुटले गेले. धान्य गेले तेव्हा उद्या सकाळी पोरांनी काय खावे हा प्रश्न उभा राहिला. वस्तूंची किंमत उतरते आहे आणि संकट चढते आहे. याहून कुशल रचना शोधून सापडणार नाही, आणि ती कौशल्य म्हणून केलेलीही नाही. घडले त्या क्रमाने सांगितले एवढेच.

त्याच पुस्तकातील काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असेल. राज्य गेलेली राणी पठाणी पोशाखात, धुळीने भरलेली, तहानलेली विहिरीपाशी येते. भटजी तिला पाणी काढून देऊ लागतात. आपण विद्वान ब्राह्मण, आपण कष्ट घेऊ नयेत, असे म्हणून ती स्वतः पाणी काढते आणि पिते. येथे कोणी रडत नाही, आकाश झाकोळत नाही, दैवाला दोष देणारे लांबलचक स्वगत नाही. एक विहीर, एक भांडे आणि जिच्या नुसत्या शब्दासरशी काल माणसे धावत होती तिचे ओले झालेले हात. वाचकाने आपल्या मनाशी एकच प्रश्न विचारावा: या प्रसंगावर 'हृदयद्रावक' असे लेबल चिकटविले असते तर तो अधिक हृदयद्रावक झाला असता काय?

आता एक शंका येथे स्वाभाविक आहे. उत्कंठा म्हणजे पुढे काय होणार याची ओढ. पण प्रवासवर्णनात शेवट तर पुस्तक हाती घेतानाच कळलेला असतो. लेखक जिवंत परतला, म्हणूनच पुस्तक छापले गेले. मग उत्कंठा कशाची? आमच्या मते या शंकेतच सगळ्या विषयाची किल्ली आहे. ज्यांना तिचे उत्तर सापडत नाही तेच विशेषणांकडे धावतात. शेवट लपविता येत नाही म्हणून ते आवाज चढवितात. वस्तुतः प्रवासातील उत्कंठा शेवटाच्या अज्ञानावर अवलंबून नसते. याचा पुरावा म्हणून कॅप्टन स्कॉटची दैनंदिनी पुरेशी आहे. १७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट दक्षिण ध्रुवावर पोहोचला. त्यापूर्वीच, १४ डिसेंबर १९११ रोजी, अमुंडसेन तेथे जाऊन आला होता. परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे चारही सोबती मरण पावले हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. तरीही ती दैनंदिनी वाचताना श्वास कोंडतो. का?

११ मार्चची नोंद याचे उत्तर देते. जवळ सात दिवसांचे अन्न आहे. पुढचा अन्नसाठा सुमारे ५५ मैलांवर आहे. चालणे दिवसाला सहा मैल होते. स्कॉट तेथे सरळ गुणाकार मांडतो: सहा सत्ते बेचाळीस. तेरा मैल कमी पडतात. दुसरी इयत्ता शिकलेल्या मुलाला करता येईल असे हे गणित आहे, आणि आम्हांस ठाऊक असलेल्या कोणत्याही भाषेतील 'मृत्यूच्या कराल दाढा' त्यापुढे बोथट आहेत. पुढे अखेरचा तंबू पडला तो त्या साठ्यापासून ११ मैलांवर. येथे वाचकाला शेवट माहीत आहे, पण चालणाऱ्याला नाही. चालणारा अजून मैल मोजतो आहे. प्रवासवर्णनातील उत्कंठा या फटीतून येते. वाचकाचे ज्ञान आणि प्रवाशाचे त्या क्षणीचे ज्ञान यांतील अंतर जितके प्रामाणिकपणे राखले जाईल तितका ताण वाढतो. म्हणून प्रवास लिहिणाऱ्याचे पहिले व्रत हे की त्या घटकेला आपणांस जे ठाऊक नव्हते ते त्या घटकेच्या वर्णनात घुसडू नये.

हे व्रत पाळणाऱ्यांत एडवर्ड व्हिंपर याचे नाव घेतले पाहिजे. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न शिखरावर प्रथम पोहोचलेल्या सात जणांपैकी चौघे उतरताना दोर तुटून कोसळले. व्हिंपरने १८७१ मधील आपल्या ग्रंथात ही हकीकत सांगितली आहे. तुटलेला दोर बरोबरच्या तीन प्रकारच्या दोरांतील सर्वांत जुना आणि कच्चा होता, ही गोष्ट त्याला अपघातानंतर दोर पाहिल्यावर कळली, आणि वाचकालाही तो ती तेव्हाच सांगतो. आजच्या एखाद्या लेखकाने शिखरावरूनच 'पण त्या दोराच्या पोटात काळ लपला आहे हे आम्हां अभाग्यांना काय ठाऊक!' असा सूर लावला असता. त्याने वाचकास क्षणभर हुरहूर वाटली असती. पण त्या दोराचा कच्चेपणा अपघातानंतर कळल्यावर मागचे प्रत्येक पाऊल आठवून जो शहारा येतो तो कायमचा नाहीसा झाला असता.

स्कॉटच्याच मोहिमेतील ॲप्सली चेरी-गॅरर्ड याचे १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक आमच्या मते या वाङ्मयप्रकाराचा कळस आहे. १९११ च्या दक्षिण ध्रुवीय हिवाळ्यात, अखंड अंधारात, तो व त्याचे दोन सोबती सम्राट पेंग्विनाची अंडी आणण्यास केप क्रोझियर येथे गेले. थंडी उणे ७७ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरली. ही संख्या कोणीही छापू शकतो. पण नुसत्या संख्येने हिंदुस्थानातील वाचकास काय कळणार? म्हणून तो एक साधी गोष्ट सांगतो. तंबूबाहेर आल्यावर इकडेतिकडे पाहण्यास त्याने मान वर केली, आणि तेवढ्यात अंगावरचे ओले कपडे गोठून असे कठीण झाले की त्याला मान खाली करता येईना; पुढे चार तास त्याने तसाच, वर पाहत, गाडा ओढला. त्यापुढे ते सोबतीही कपडे गोठण्यापूर्वीच गाडा ओढण्याच्या बेताने वाकून उभे राहू लागले. थंडीने दातांचेही तुकडे पडले. यांतील एकही वाक्य ओरडून सांगावे लागत नाही. उणे ७७ ही संख्या थर्मामीटरची होती. वर राहिलेली मान ही माणसाची आहे. संख्येस देह मिळाला की तिच्यातून भय उत्पन्न होते, आणि देहास संख्या मिळाली की त्या भयावर विश्वास बसतो.

येथवरच्या उदाहरणांवरून कोणी असा तर्क करील की आम्हांस रुक्ष नोंदवही हवी आहे. तसे मुळीच नाही. आगगाडी किती वाजता सुटली, हॉटेलात खोलीचे भाडे किती पडले, न्याहारीस काय मिळाले, अशा तपशिलांनी फुगलेली प्रवासवर्णने आम्हीही वाचली आहेत आणि अर्ध्यावर मिटली आहेत. तपशील हा तपशील म्हणून मोलाचा नसतो. ज्यावर पुढे काही अवलंबून आहे तोच तपशील उत्कंठा निर्माण करतो. स्कॉटच्या तेलाच्या डब्यात तेल किती उरले हे महत्त्वाचे, कारण तेलावाचून बर्फाचे पाणी होत नाही. लेखकाच्या चहात साखर किती होती हे कोणास हवे आहे? तसेच उपमेसही आमचा विरोध नाही. जी उपमा न पाहिलेली वस्तू पाहिलेल्या वस्तूच्या साहाय्याने दाखविते ती प्रवासलेखकाचे मोठे हत्यार आहे. कोकणच्या माणसाला हिमनदी समजावयाची असेल तर त्याच्या ओळखीच्या एखाद्या वस्तूचा आधार द्यावाच लागेल. पण हिमनदी 'एखाद्या विराट अजगरासारखी' होती असे म्हटल्याने काय साधते? विराट अजगर वाचकाने पाहिलेला नाही, आणि आमची खात्री आहे की लेखकानेही पाहिलेला नाही.

'परंतु आम्हांस खरोखरच भीती वाटली होती!' असे कोणी लेखक कळवळून म्हणतील. वाटली असेल, ती लपवावी असे आम्ही म्हणत नाही. गोडसे भटजी आपले भय उघड सांगतात, चेरी-गॅरर्ड आपली हताशा सांगतो. पण ते एकदा सांगतात, आणि कशाची भीती वाटली ते सांगून झाल्यावर सांगतात. भय ही नाण्यासारखी वस्तू आहे. जो प्रत्येक वळणावर ते उधळतो त्याचा हात खऱ्या प्रसंगी रिकामा राहतो. विमान थोडे हलले तेव्हा ज्याने 'साक्षात मृत्यू' पाहिला, तो पुढे खरोखर दरड कोसळली तर काय पाहणार? यातूनच 'अवर्णनीय' या शब्दाचा जन्म होतो. हा शब्द प्रवासवर्णनात छापलेला पाहिला की आमचा संताप अनावर होतो. वर्णन करण्याचे काम आपण होऊन पत्करावे, वाचकाकडून त्याचे मूल्य घ्यावे, आणि नेमक्या क्षणी 'हे अवर्णनीय आहे' म्हणून हात झटकावेत! सुताराने 'ही खुर्ची बनविणे अशक्य आहे' असे सांगून पैसे मागावेत तसाच हा प्रकार आहे.

आतापर्यंत आम्ही वाङ्मयीन दोषांविषयी बोललो. पण खोट्या थराराने होणारी हानी पुस्तकापुरती राहिली असती तर आम्ही इतका शाईखर्च केला नसता. ती पुस्तकाबाहेर जाते, आणि दोन वाटांनी जाते.

पहिली वाट परक्या लोकांच्या दारावरून जाते. भूगोलात पुरेसे भय न सापडल्यास हे लेखक ते माणसांत शोधतात. अनोळखी शहरातील गल्ली लागलीच 'गूढ' होते, वेगळा पोशाख केलेला मनुष्य 'संशयास्पद' होतो, न समजणारी भाषा 'कर्कश' होते, आणि पाड्यावरील आदिवासी 'रानटी नजरेने' पाहू लागतो. त्या बिचाऱ्याने काय केलेले असते? तो पाहत असतो, एवढेच. दारात अनोळखी पाहुणा आला तर आम्हीही पाहतो. लेखकास एक थरारक परिच्छेद मिळाला, आणि ज्यांनी त्याला पाणी दिले त्यांच्याविषयी हजार घरांत एक खोटी समजूत पोहोचली. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी तेथील लोकस्थितीवर व आपल्या प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिले. त्या काळच्या मराठी स्त्रीला त्या देशाहून अधिक अनोळखी काय असू शकेल? पण त्यांनी त्या अनोळखीपणाचा बागुलबुवा केला नाही. तेथील राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था यांची माहिती त्यांनी जुळविली आणि आपल्या लोकांपुढे ठेवली, दोषही दाखविले. कुतूहल हेही उत्कंठेचेच एक रूप आहे, आणि ते भयाहून अधिक काळ टिकते.

दुसरी वाट याहून धोक्याची आहे, आणि ती आमच्याच डोंगरांतून जाते. आज सह्याद्रीतील किल्ल्यांवर दर आठवड्यास तरुणांचे थवे जातात, आणि जाण्यापूर्वी कोणी लिहिलेले वर्णन वाचून जातात. नाशिक जिल्ह्यातील हरिहर किल्ल्याच्या खोदीव पायऱ्या घ्या. त्या उभ्या कातळात कोरलेल्या आहेत, आणि हाताने धरता यावे म्हणून त्यांत खोबणी आहेत. त्या पायऱ्यांचे 'चित्तथरारक', 'अंगावर काटा आणणाऱ्या' असे वर्णन करणारा लेखक बाजूच्या साध्या टेकाडाचेही त्याच शब्दांनी वर्णन करतो. मग वाचणाऱ्या मुलाने या दोहोंतील भेद कसा ओळखावा? दहा ठिकाणी 'मृत्यूचा सापळा' वाचून तो गेला आणि दहाही ठिकाणी हसत परत आला. अकराव्या ठिकाणी तो शब्द खरा असतो, पण तोवर त्याने त्या शब्दावर विश्वास ठेवणे सोडलेले असते. याउलट कोणी एवढेच लिहिले की पावसात या पायऱ्यांवर शेवाळ धरते, उतरताना तोंड कातळाकडे ठेवावे लागते, आणि मध्यावर वर जाणारे व खाली येणारे समोरासमोर आले तर एकाला खोबणीत बोटे रोवून थांबण्यावाचून गत्यंतर नसते, तर वाचकाचे पाय आपोआप जपून पडतील. त्याच्या अंगावर काटाही येईल, आणि तो खरा असेल. नेमकी भाषा येथे रसही देते आणि जीवही वाचविते.

कोणी म्हणतील की वाचकांनाच अशी भाषा आवडते, संपादक काय करणार? हा वाचकांवर आळ आहे. वाचक ही भाषा सहन करतात, कारण दुसरी भाषा त्यांच्यापुढे ठेवली जात नाही. शतकाहून अधिक काळ लोटला तरी गोडसे भटजींचे पुस्तक पुन्हापुन्हा छापले जाते, आणि त्याच सुमाराचे कित्येक अलंकारिक ग्रंथ वाळवीच्या स्वाधीन झाले, यावरून वाचकांची खरी आवड कोणती हे उघड दिसते. छायाचित्रांच्या या काळात तर लेखकाने अधिकच सावध झाले पाहिजे. दरीचा भव्यपणा आज प्रत्येकाच्या खिशातील यंत्र दाखविते. 'विहंगम' आणि 'नयनरम्य' या शब्दांना आता काहीच काम उरलेले नाही. परंतु वाट्याने वहाणा का काढल्या, पाण्याच्या पखालीत किती पाणी उरले होते, कोणत्या क्षणी सर्वांनी बोलणे थांबविले, हे छायाचित्रास दाखविता येत नाही. तेवढेच लेखकाचे राज्य उरले आहे, आणि ते काही लहान नाही.

तेव्हा प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांस, आणि विशेषतः ती छापणाऱ्यांस, आमची एक साधी सूचना आहे. प्रत्येक थरारक परिच्छेदातून भय, थरार, काळीज, शहारे आणि त्यांचे सारे गोतावळ्यातील शब्द काढून टाकावेत, उद्गारचिन्हेही काढावीत. मग उरलेला मजकूर एखाद्या तिऱ्हाइतास वाचून दाखवावा. त्याने 'पुढे काय झाले?' असे विचारले तर परिच्छेद जसाच्या तसा छापावा. त्याने विचारले नाही तर समजावे की तेथे मुळात संकटच नव्हते, किंवा असूनही लेखकाने ते पाहिले नव्हते. संकट नसेल तर ते खोटे रचण्याचे कारण नाही. शांत प्रवास हाही प्रवासच असतो, आणि तो शांतपणे सांगितलेला आम्हांस आवडेल. संकट असून पाहिले नसेल, तर लेखकाने पुन्हा आठवावे, बरोबरीच्या माणसांस विचारावे, आपली टिपणे चाळावीत. आणि तरीही काही हाती न लागल्यास तो परिच्छेद लिहू नये. वाचक आपल्या डोळ्यांच्या भरवशावर घरी बसलेला असतो. ज्याला आपण आपले डोळे उसने दिले त्याला आपल्या छातीची धडधड ऐकवून फसवू नये, एवढेच आमचे मागणे आहे.